डंकर्क बघायला जायचंय? मग आधी ओहोटीची वेळ बघा

उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कला जाऊन आलेल्या दोन-तीन जणांकडून मी जवळजवळ एकच वाक्य ऐकलं होतं, "बीच मस्त आहे, पण बघायला तसं काही नाही." आणि त्यांच्या ट्रिपचा प्लॅन ऐकला की कळतं असं का वाटलं ते. पॅरिसहून सकाळची गाडी, दुपारी बीचवर फोटो, एक म्युझियम, संध्याकाळी परत. या प्लॅनमध्ये ज्या गोष्टीसाठी एवढ्या लांब जायचं तीच नेमकी पाण्याखाली असते. अगदी शब्दशः पाण्याखाली, कारण दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, बुडालेल्या बोटींचे सांगाडे तिथे अजून वाळूत रुतलेले आहेत आणि ते फक्त मोठ्या ओहोटीला वर दिसतात.

मी बाबांना घेऊन गेले होते, त्यांचं वय ६८, गुडघे थोडे कुरकुरणारे, पण दुसऱ्या महायुद्धाबद्दल हातात पडेल ते वाचलेलं. आम्ही दोन रात्री राहिलो, आणि पहिल्या दिवशी आमचंही चुकलंच, ते पुढे सांगते. हा लेख त्या दोन दिवसांत जे कळलं त्यावरून लिहितेय, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा पहिला दिवस वाया जाणार नाही.

आधी एवढं माहीत करून घ्या

फार वाचायची गरज नाही पण थोडी आकडेवारी डोक्यात असली तर तिथे उभं राहिल्यावर खूप फरक पडतो. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य उत्तर फ्रान्समध्ये इतक्या वेगाने घुसलं की ब्रिटिश फौज आणि फ्रेंच, बेल्जियन सैन्याचा मोठा भाग समुद्राकडे ढकलला गेला. शेवटी हाताशी राहिलं ते डंकर्क बंदर आणि त्याच्या पूर्वेला बेल्जियमपर्यंत पसरलेला सपाट वाळूचा किनारा. २६ मे ते ४ जून या दिवसांत समुद्रमार्गे ३,३८,२२६ माणसं इंग्लंडला नेली, या मोहिमेचं नाव ऑपरेशन डायनॅमो. सूत्रं हलत होती समोर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या डोव्हरहून, किल्ल्याखालच्या बोगद्यांमधून, व्हाइस अॅडमिरल बर्ट्रम रॅमसे यांच्या हातून.

आता बहुतेकांच्या डोक्यात चित्र असतं ते बीचवरून छोट्या होड्यांनी माणसं उचलल्याचं. ते खरं आहे, पण अर्धंच. बीचवरून साधारण ९८ हजार माणसं गेली आणि बाकीची जवळपास २ लाख ४० हजार बंदरातून, त्यातलीही बहुतेक पूर्वेकडच्या लांबलचक जेट्टीवरून. ही जेट्टी खरं तर लाटा अडवायला बांधलेली होती, बोटी लावायला नव्हेच. वर लाकडी फळ्यांची अरुंद वाट, तीन-चार माणसं जेमतेम शेजारी शेजारी उभी राहतील एवढी. किनाऱ्यावरची व्यवस्था बघायला आलेल्या कॅप्टन विल्यम टेनंटने २७ मेच्या रात्री तिथे जहाज लावून बघितलं, ते जमलं, आणि मोहिमेचं नशीबच पालटलं. २७ मेला दिवसभरात ७,६६९ माणसं निघाली होती, ३१ मेला एका दिवसात ६८,०१४. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

आणि मागे राहिले त्यांचंही लक्षात ठेवा. शेवटपर्यंत पिछाडी सांभाळणारे फ्रेंच सैनिक, ३५ हजारांहून जास्त, ४ जूनला कैद झाले. गावाची गोष्ट तर तिथे संपलीच नाही, १९४४ मध्ये आजूबाजूचा फ्रान्स मोकळा झाला तरी डंकर्कमध्ये जर्मन सैन्य वेढ्यात तळ ठोकून बसलं होतं आणि त्यांनी शरणागती पत्करली थेट ९ मे १९४५ ला, म्हणजे बर्लिन पडल्यानंतर. गावात जुन्या इमारती एवढ्या कमी का दिसतात याचं उत्तर यात आहे.

स्टेप १: तारीख ठरवा, आणि ती भरती-ओहोटी बघूनच

ही सगळ्यात महत्त्वाची स्टेप, म्हणून जरा सविस्तर.

तिथला समुद्र खूप उथळ आहे आणि भरती-ओहोटीतला फरक मोठा, उधाणाच्या दिवसांत ५ मीटरपेक्षा जास्त. किनारा एवढा सपाट असल्यामुळे पाणी वर-खाली होतं त्यापेक्षा आत-बाहेर जास्त होतं, ओहोटीला शेकडो मीटर वाळू उघडी पडते. आपल्याकडे कोकणात ज्याला उधाण आणि भांग म्हणतात तोच हिशोब. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण, तेव्हा भरतीही मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड वरही येत नाही आणि धड उतरतही नाही. म्हणजे पहिला अंदाज तुम्ही घरच्या कॅलेंडरवरूनही काढू शकता, पौर्णिमा किंवा अमावास्या बघायची आणि त्याच्या पुढचे दोन-तीन दिवस पकडायचे.

नक्की वेळेसाठी मात्र फ्रेंच तक्तेच बघा. फ्रान्समध्ये प्रत्येक भरतीला एक नंबर देतात, कोएफिसियाँ म्हणतात त्याला, २० पासून १२० पर्यंत. नंबर जितका मोठा तितकी ओहोटी खोल. ७० च्या खाली असेल तर बोटींचे सांगाडे बघायची आशा फार धरू नका, ९० च्या वर असेल तर तो दिवस सोडू नका. फ्रान्सच्या नौदलाची जलमापन संस्था शोम तिच्या साइटवर हे तक्ते देते, डंकर्क निवडायचं की झालं. फक्त एक बघा, काही तक्ते वर्षभर हिवाळी वेळेतच छापलेले असतात, मग मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर त्यात एक तास मिळवावा लागतो.

आमचं चुकलं ते इथेच. पौर्णिमा होऊन एक दिवस झालेला, म्हणजे दिवस बरोबर निवडला होता, पण वेळ बघितलीच नाही. दुपारी दोनला झुयडकोट या डंकर्कच्या पूर्वेकडच्या गावाच्या किनाऱ्यावर पोचलो आणि समोर नुसतं पाणी, पार वरपर्यंत. नंतर कळलं की डंकर्कला उधाणाच्या दिवसांत उन्हाळ्यात भरती भर दुपारी येते आणि खोल ओहोटी सकाळी आठ-नऊच्या पुढे नाहीतर रात्री तशाच सुमारास. म्हणजे डे-ट्रिपवाल्यांना ती मिळणं अवघडच. म्हणूनच सांगते, एक रात्र तरी राहाच.

महिना म्हणाल तर मेअखेर ते सप्टेंबर. मे-जूनच्या संधीला स्मरणाचे कार्यक्रमही असतात. हिवाळ्यात युद्धाचं म्युझियम काही महिने बंद असतं. जानेवारी ते मार्च तिथला कार्निव्हल असतो, पिवळे रेनकोट, रंगवलेले चेहरे, आणि महापालिकेच्या बाल्कनीतून लोकांवर चक्क हेरिंग मासे फेकतात. तो बघायचा असेल तर जरूर जा, पण मग हॉटेल खूप आधी बुक करा आणि युद्धाचा इतिहास शांतपणे बघायची अपेक्षा त्या दिवसांत ठेवू नका.

स्टेप २: व्हिसा आणि तिकडे पोचणं

शेंगेन शॉर्ट स्टे व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करायलाच हवा, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, त्यामुळे दोन-तीन महिने आधी लागा. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी फी ९० युरो आहे, सर्व्हिस चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्सचं कव्हर किमान ३०,००० युरोचं लागतं.

पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनवरून डंकर्कला थेट टीजीव्ही म्हणजे हायस्पीड गाड्या आहेत, साधारण दोन तास किंवा थोडं जास्त. थेट गाडी नसेल तर लील गाठायचं आणि तिथून रिजनल गाडी, साधी असेल तर सव्वा तास, हायस्पीड लाइनने जाणारी असेल तर त्याच्या निम्म्या वेळात. लीलमध्ये दोन मोठी स्टेशनं आहेत, लील युरोप आणि लील फ्लाँद्र, दोन्हींमध्ये चालत पाच-दहा मिनिटांचं अंतर. बॅगा आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर गाडी बदलताना अर्धा तास तरी हातात ठेवा. विमान शार्ल द गोल एअरपोर्टला उतरत असेल तर पॅरिस शहरात जायचीही गरज नाही, एअरपोर्टखालीच स्टेशन आहे आणि तिथून थेट लीलला गाड्या आहेत.

इंग्लंडहून येणाऱ्यांसाठी, डोव्हर ते डंकर्क फेरी आहे, दोन तासांची, पण ती गाडीवाल्यांसाठी, पायी प्रवासी घेत नाहीत. शिवाय ती गावात लागत नाही, पश्चिमेला लून-प्लाजच्या बंदरात लागते. आणि हे लक्षात ठेवा की इंग्लंडचा व्हिसा वेगळा, शेंगेनवर तिकडे जाता येत नाही. बेल्जियमला मात्र याच व्हिसावर जाता येतं, किनाऱ्याकिनाऱ्याने चालत सीमा ओलांडली तरी चालते.

स्टेप ३: राहायचं कुठे, फिरायचं कसं

दोन पर्याय. स्टेशनजवळ गावात, किंवा मालो-ले-बँ म्हणजे बीचला लागून असलेल्या भागात. मी मालो म्हणेन, कारण सकाळी सातला उठून ओहोटीच्या मागे धावायचं तर बीच पायाशी असलेला बरा. तिथे समुद्रासमोर लांब फिरायचा रस्ता आहे, त्याला दीग म्हणतात, आणि त्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये शंभर वर्षांपूर्वीचे रंगीबेरंगी बंगले अजून टिकून आहेत, गाव एवढं बेचिराख होऊनही.

आणि आता सगळ्यात आवडलेली गोष्ट, डंकर्क आणि आजूबाजूच्या गावांमधल्या बस १ सप्टेंबर २०१८ पासून सगळ्यांना फुकट आहेत. टुरिस्टलाही. तिकीट नाही, कार्ड नाही, अॅप नाही, चढायचं आणि बसायचं. मालो, लेफ्रँकूक, झुयडकोट, ब्रे-द्यून, म्हणजे आपल्याला हवी ती सगळी गावं यात येतात. बाबांना दोन स्टॉपसाठीसुद्धा बिनधास्त बसमध्ये बसवता आलं. फक्त रविवारी आणि रात्री गाड्या कमी असतात, परतीची वेळ स्टॉपवरच्या बोर्डाचा फोटो काढून ठेवा.

स्टेप ४: पहिला दिवस गावात

पहिल्या दिवशी म्युझियम बघा, बीच दुसऱ्या दिवशी. उलटं केलं तर बीचवर नुसती वाळू दिसते.

सुरुवात बेफ्र्वापासून, म्हणजे गावातला ५८ मीटर उंच जुना घंटामनोरा, २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. खालीच टुरिस्ट ऑफिस, तिथून गावाचा नकाशा घ्या, ओहोटीची वेळही विचारून घ्या. वर लिफ्ट जाते पण शेवटी थोड्या पायऱ्या चढाव्या लागतात. वरून बंदर, क्रेन, कालवे आणि पूर्वेकडे सरळ रेषेत गेलेला किनारा दिसतो, आणि उद्या कुठून कुठे चालायचं ते नकाशापेक्षा इथून चांगलं कळतं.

मग रस्ता ओलांडून समोरचं सेंट एल्वा चर्च. एकेकाळी तो मनोरा या चर्चचाच होता, आता मधून रस्ता जातो. आत जायच्या आधी पाच मिनिटं बाहेरच थांबा आणि समोरची भिंत जवळून बघा. दगडात खळगे आहेत, काही बोटाच्या पेरात मावतील एवढे, काही अख्खी मूठ आत जाईल एवढे, कडा पावसाने गुळगुळीत झालेल्या. गोळ्यांच्या आणि बॉम्बच्या तुकड्यांच्या खुणा आहेत या, दोन्ही महायुद्धांतल्या. बाबांनी एका खळग्यात अंगठा ठेवून बघितला आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. आत जाँ बार यांची कबर आहे, सतराव्या शतकातला इथला दर्यावर्दी, त्यांचा पुतळा जवळच्याच चौकात आहे, १८४५ मध्ये उभारलेला, आजूबाजूचं सगळं कोसळलं तेव्हाही हा उभाच राहिला.

नंतर बंदराकडे. पोर्ट म्युझियम जुन्या तंबाखूच्या गोदामात आहे, वेळ असेल तर बघा, नसेल तर बाहेर उभी असलेली ड्युशेस आन ही तीन डोलकाठ्यांची मोठी शिडाची बोट तरी बघा, १९०१ सालची. त्याच बंदरात प्रिन्सेस एलिझाबेथ नावाची एक जुनी चाकांची स्टीमर, म्हणजे बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी कापत जाणारी बोट, नांगरलेली आहे. मोठी दिसत नाही, सहलीचीच बोट ती, पण १९४० मध्ये तिने चार फेऱ्यांमध्ये १,६७३ सैनिक नेले. १९९९ पासून ती इथे आहे. शेजारी उभं राहून मनातल्या मनात चारशे माणसं तिच्यावर चढवून बघा.

दुपारनंतरचा वेळ पूर्ण ठेवा डंकर्क १९४० म्युझियमसाठी. हे बास्तियाँ ३२ मध्ये आहे, १८७४ मधली तटबंदी, आणि लढाईच्या दिवसांत फ्रेंच आणि दोस्त सैन्याचं मुख्यालय इथेच होतं. म्हणजे इमारत स्वतःच इतिहासाचा भाग आहे. जाड विटांच्या कमानी, आत थंडावा, उन्हाळ्यातही जॅकेट लागतं. सुरुवातीला फिल्म दाखवतात ती चुकवू नका. मग नकाशे, गणवेश, शस्त्रं, बोटींमधून वर काढलेल्या वस्तू. दीड-दोन तास लागतात. नकाशांजवळ तीन समुद्रमार्ग शोधा, झेड, वाय आणि एक्स. सगळ्यात जवळचा झेड, ३९ सागरी मैलांचा, तो जर्मन तोफांच्या टप्प्यात आला म्हणून वाय वापरला, तो ८७ मैलांचा, आणि मग सुरुंग काढून एक्स मोकळा केला, ५५ मैलांचा. फेरीला लागणारा वेळ दुपटीहून वाढला तेव्हा किनाऱ्यावर रांगेत उभ्या माणसांचं काय झालं असेल, ते या एका नकाशावरून समजतं.

बाहेर पडलात की बंदराच्या बाजूला प्रचंड मोठा जुना शिपयार्डचा हॉल दिसेल, शेजारी त्याच आकाराची काचेसारखी पारदर्शक जुळी इमारत. ते आधुनिक कलेचं केंद्र, फ्राक. तिथून पादचारी पूल थेट मालोच्या दीगवर उतरतो. संध्याकाळी याच वाटेने जा, पश्चिमेकडे बंदराचं तोंड दिसतं. जेट्टी तिथेच होती. १९४० ची ती फळ्यांची वाट आता तशी राहिलेली नाही, पण दिशा आणि लांबी लक्षात येते, सव्वा-दीड किलोमीटर समुद्रात घुसलेली अरुंद पट्टी, वरून विमानं, आणि पुढे सरकायला जागा नाही. दीगवरच दोस्त सैन्याचं स्मारक आहे, तिथे थोडं थांबा.

स्टेप ५: दुसरा दिवस, सांगाड्यांकडे

ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी वाळूवर असायला हवं. म्हणजे ओहोटी ९:३० ची असेल तर ८:३० ला तिथे. पाणी उतरत असताना जायचं आणि वळायच्या आत परत निघायचं, हा नियम.

बसने झुयडकोटला उतरा आणि समुद्राकडच्या जुन्या हॉस्पिटलच्या बाजूने वाळूवर जा. याच हॉस्पिटलमध्ये तेव्हा हजारो जखमी आणले होते. किनाऱ्यावर आलात की पाण्याच्या कडेला काळपट उंचवटा शोधा. ती क्रेस्टेड ईगल.

ही लंडनच्या थेम्स नदीतली सहलीची स्टीमर, १९२५ सालची, सुट्टीच्या दिवशी कुटुंबं घेऊन समुद्राकडे जाणारी. २९ मेला ती जेट्टीला लागली होती, शेजारच्या फेनेला या बोटीवर बॉम्ब पडला म्हणून तिथली माणसं हिच्यावर घेतली, ही निघाली आणि काही मिनिटांतच हिच्यावरही बॉम्ब पडले. तेलावर चालणारी बोट, लाकडी डेक, आग लागली ती विझलीच नाही. कप्तानाने ती किनाऱ्याकडे वळवून वाळूत घातली. साधारण ३०० माणसं गेली.

आज जवळ गेलं की आधी शिंपलेच दिसतात, काळेनिळे, एकाला एक चिकटलेले, पूर्ण लोखंड त्यांनी झाकून टाकलंय. मग हळूहळू खालचा आकार कळायला लागतो, बोटीच्या फासळ्या, पत्र्यांच्या कडा, रिव्हेटच्या रांगा. मधल्या खड्ड्यात साचलेलं पाणी, त्यात खेकडे. गंजाचा केशरी ओघळ वाळूत उतरलेला. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा नातवाला काहीतरी हळू आवाजात समजावत होते, बाकी कोणी नाही, फक्त वारा.

इथे काय करायचं नाही ते नीट ऐका. सांगाड्यावर चढू नका, एक तर पत्रे धारदार आहेत आणि दुसरं म्हणजे ती कबर आहे. काहीही उचलून आणू नका, शिंपल्याखाली लपलेला लोखंडाचा तुकडासुद्धा नाही. आजूबाजूची वाळू काही ठिकाणी भुसभुशीत असते, पाय रुतायला लागला की मागे फिरा. वाळूत काही गोल, लांबट, धातूचं संशयास्पद दिसलं तर हात न लावता लांब व्हा आणि ११२ ला फोन करा, या भागात जुना दारूगोळा अजूनही सापडतो. आणि पाणी मागून येतं का बघत राहा. सपाट किनाऱ्यावर भरती समोरून लाट होऊन येत नाही, आधी मागच्या खोलगट भागांत भरते, आणि तुम्ही मध्ये वाळूच्या बेटावर उरता. धुकं असेल तर जाऊच नका.

अजून ताकद असेल तर पूर्वेकडे ब्रे-द्यूनपर्यंत चालत जा, डावीकडे समुद्र, उजवीकडे वाळूच्या टेकड्या, त्यातला दून मार्शाँ हा राखीव भाग आहे, आखलेल्या वाटेनेच चाला. ब्रे-द्यूनसमोर डेव्होनिया नावाच्या दुसऱ्या चाकांच्या स्टीमरचे अवशेष आहेत, तीही अशीच किनाऱ्यावर घातलेली. बाबा इथे आले नाहीत, ते बसने पुढे येऊन कॅफेत बसले, हेही करता येतं.

आणि चालताना मुद्दाम एकदा पाण्यात शिरा, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. किती लांब जावं लागतं बघा. मोठी जहाजं किनाऱ्याला का येऊ शकली नाहीत, छोट्या होड्या का लागल्या, माणसं खांद्यापर्यंत पाण्यात तासन् तास का उभी होती, याचं उत्तर पायांना मिळतं. सैनिकांनी ओहोटीला ट्रक ओळीने समुद्रात उभे केले, वर फळ्या टाकल्या आणि भरती आली की त्याचाच धक्का केला, तो प्रकार याच किनाऱ्यावर झाला.

स्टेप ६: किल्ला आणि स्मशान

परतताना लेफ्रँकूकला उतरा. फोर दे द्यून हा टेकड्यांत लपलेला किल्ला, १८७८ ते १८८० मध्ये बांधलेला. २ जून १९४० ला जर्मन विमानांनी इथे बॉम्ब टाकले, त्यात फ्रेंच जनरल जान्सेन मारले गेले. शेजारी फ्रेंच सैनिकांचं स्मशान आहे. डंकर्कची गोष्ट आपण बहुतेक वेळा इंग्रजी बाजूने ऐकतो, इथे आलं की दुसरी बाजू कळते, म्हणून हे वगळू नका. जवळच्या बीचवर जर्मनांचे काँक्रीटचे बंकर तिरके पडलेले आहेत, त्यातला एक कोणीतरी आरशाच्या तुकड्यांनी मढवलाय, फोटोसाठी लोक तिथेच जमतात.

मग डंकर्क मेमोरियल, गावच्या स्मशानभूमीला लागून. ज्यांची कबरच नाही अशा साडेचार हजारांहून जास्त ब्रिटिश सैनिकांची नावं इथल्या दगडी खांबांवर कोरलेली आहेत, १९५७ मध्ये याचं अनावरण झालं. शेवटी काचेवर कोरीवकाम केलेली मोठी खिडकी आहे, दुपारच्या उन्हात बघा.

खाण्याचं

शाकाहारी असाल तर इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. उत्तर फ्रान्समध्ये फ्राइज बऱ्याच ठिकाणी गुरांच्या चरबीत तळतात. दिसायला साधे बटाटे, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. "उईल व्हेजेताल?" असं विचारा, म्हणजे वनस्पती तेल का. मान हलली तरच घ्या. क्रेप, वॉफल, ब्रेड, चीज, सॅलड मिळतं, पण हॉटेलांची किचन दुपारी दोननंतर बंद होतात ती संध्याकाळी सातला उघडतात, आणि ओहोटीच्या मागे धावणाऱ्यांचं जेवण नेमकं त्यात हुकतं. बॅगेत खाकरा, चिवडा, दाण्याची चटणी ठेवा. रविवारी बरीच दुकानं बंद, शनिवारीच खरेदी करा. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे, शिंपले आणि फ्राइज सगळीकडे. आणि दुकानात शिरताना आधी "बाँझूर" म्हणा, त्यानंतरचं सगळं सोपं जातं.

आपल्या माणसांसाठी अर्धा दिवस

डंकर्कच्या किनाऱ्यावर भारतीय सैनिकही होते, हे बाबांनाही माहीत नव्हतं. ब्रिटिश फौज पूर्ण मोटारींवर गेलेली, आणि चिखल-बर्फात सामान वाहायला खेचरं लागणार म्हणून रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोरच्या खेचर तुकड्या डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून निघाल्या आणि मार्सेला उतरल्या. बहुतेक जण पंजाबी मुसलमान. त्यातले सुमारे ३०० जण डंकर्कहून निघाले, खेचरं मागे सोडून. गोळीबारात शांत राहून आपली माणसं किनाऱ्यावर आणल्याबद्दल जमादार (तेव्हाचा सैन्यातला हुद्दा) मौला दाद खान यांना पदक मिळालं. एक तुकडी मात्र फ्रान्समध्येच जर्मनांच्या हाती लागली.

भाड्याची गाडी असेल तर लीलच्या बाजूला नव्ह-शापेलला जा. पहिल्या महायुद्धातल्या ४,७०० पेक्षा जास्त भारतीय सैनिकांचं स्मारक तिथे शेताच्या कडेला आहे, गोल भिंत, १५ मीटर उंच खांब, दोन्ही बाजूंना दगडी वाघ. १९२७ मध्ये बांधून झालं. खांबाच्या पायथ्याशी देवनागरीत कोरलेला मजकूर आहे, एवढ्या लांब आपली अक्षरं दगडात दिसली की थबकायला होतं. नावं भिंतीवर रेजिमेंटप्रमाणे लावलेली आहेत, त्यामुळे घराण्यातलं कोणी शोधत असाल तर आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नाव टाकून पॅनल नंबर लिहून घ्या. अशा स्मारकांत भिंतीत एक छोटी धातूची पेटी असते, आत भेट देणाऱ्यांसाठी वही. मराठीत लिहिलं तरी चालतं, आम्ही लिहिलं. पेन मात्र आपलं न्या, तिथलं बहुतेकदा वाळलेलं असतं.